उघड्या गालाचा फोटो

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. सुभेदारांची नाही, त्यांच्या पुतणीची नाही, त्या मेल्या यंत्राचीही नाही. मी गिरिजा. मूळची सांगलीची, वीस वर्षं जयपुरात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये बोटं घालायची मला खाज आहे. 'द्या इकडे, दोन मिनिटांचं काम आहे,' हे माझं पालुपद. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझी आई मला लहानपणापासून सांगत होती. ऐकतं कोण!

खातीपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून सुभेदार हिंदुराव थोरात राहतात. गाव साताऱ्याकडचं. अठ्ठावीस वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे वायरलेसवर काढली. शेवटची बदली जयपूरला झाली, निवृत्तीनंतर इथंच दोन खोल्या बांधल्या आणि राहिले. मूलबाळ नाही. बोलणं मोजकं, तेही बिनतारी निरोप दिल्यासारखं. मी भिंतीवरून विचारायचे, "सुभेदार, चहा घेणार?" पलीकडून उत्तर, "घेणार. साखर कमी. ओव्हर." मी हसून हसून बेजार व्हायचे.

त्यांची बायको अनुसयावहिनी. ही बाई बोलायला लागली की दुधावर साय धरेपर्यंत थांबायची नाही. पण कॅमेरा निघाला की गायब. लग्नानंतर सहा-सात वर्षांनी त्यांच्या डाव्या गालावर कोड उठलं आणि हळूहळू हनुवटीपर्यंत उतरलं. कुठल्याशा छावणीत बायकांचा ग्रुप फोटो काढताना एका मेमसाहेबानं त्यांना गोड बोलून मागच्या रांगेत, खांबाआड उभं केलं. त्या दिवसापासून वहिनींनी फोटो काढून घेतला नाही. डाव्या गालावर पदर, जेवतानासुद्धा पदर.

अपवाद एकच. निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा जॉइंट फोटो लागतो. वहिनी स्टुडिओत बसल्या, पण पदर काही काढला नाही. कारकुनानं फोटो परत केला, चेहरा साफ दिसत नाही म्हणून. अठ्ठावीस वर्षांत वरच्यापुढे आवाज न चढवलेले हिंदुराव त्या दिवशी टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "तिचा चेहरा मी वळखतो. सरकारनं माझ्या वळखीवर चालवून घ्यावं." तीन खेपा झाल्या, पण शेवटी तोच अर्ध्या चेहऱ्याचा फोटो गेला. लग्नातलाही एक आहे, मुंडावळ्यांआडून एकोणीस वर्षांची घाबरलेली पोरगी बघते आहे. हिंदुराव म्हणतात, "लगीन तिच्याशी झालं खरं, पण संसार केला तो हिच्याशी."

आता उघड्या गालाच्या त्या फोटोची गोष्ट. पाच वर्षांपूर्वी वहिनींनी भिशीच्या पैशांतून एक टॅब घेतला, रेसिपी बघायला. अकाउंट मीच उघडून दिलं, अनुसया थोरात या नावानं. पुढे घरात जे जे आलं, वहिनींचा फोन, हिंदुरावांचा फोन, भिंतीवरचा टीव्ही, त्या सगळ्यात मी तेच एक अकाउंट घातलं. दोघांचं घर, कशाला हवीत सतरा अकाउंट! टॅब रोज सांगायचा, तुमचा फोटो लावा. मी म्हटलं, एखादं गुलाबाचं फूल लावा, सगळ्या बायका तेच लावतात. वहिनी 'बरं' म्हणाल्या.

आणि एका दुपारी, घरात कुणी नसताना, या बाईनं खिडकीशी बसून, पदर खांद्यावर टाकून, स्वतःचा फोटो काढला आणि लावला. अख्खा चेहरा. पांढरा गाल, सावळा गाल, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि ओठ असे दाबलेले की आता हसू फुटेल. त्यांना वाटलं होतं, टॅब आपला, फडताळातल्या आरशासारखा, त्यात कोण डोकावणार! संध्याकाळी हिंदुरावांनी टीव्ही लावला तर कोपऱ्यातल्या गोलात बायको. फोन उघडला तर फोनमध्येही बायको. पेन्शनच्या साहेबांना मेल गेली, तिच्यावरही बायको.

"अगं बया!" वहिनींनी तोंड झाकून घेतलं. "समद्या दुनियेत फिरले का वं मी?"

मी म्हटलं, काढून टाकू का? तर हिंदुराव खुर्चीतून उठून म्हणाले, "हात लावू नगा."

वहिनी बराच वेळ त्या गोलाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आता झाकून काय उपेग?" दुसऱ्या दिवशी भाजी घ्यायला गेल्या त्या पदर खांद्यावर टाकून. पुढची तीन वर्षं तो पदर परत गालावर गेला नाही. पण दुसरा फोटोही काढला नाही. "एक काढलाय की, किती काढायचे?" म्हणायच्या.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्या गेल्या. मेंदूत रक्तस्राव. सकाळी कैरीचं लोणचं घातलं आणि संध्याकाळी नव्हत्या.

हिंदुरावांनी वहिनींचा फोन देवघराच्या खणात ठेवला होता. रोज पहाटे चार्ज करायचा, मेल उघडायची, कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवायचं, चेहरा मोठा झाला की बघायचं आणि मग अंघोळीला जायचं. याची मला कल्पना नव्हती. असती तरी शहाणपणा केलाच असता म्हणा.

या मे महिन्यातला मंगळवार. शुक्रवारी वहिनींचं वर्षश्राद्ध. हिंदुरावांची माजी सैनिकांची एक ऑनलाइन मीटिंग होती. कॅमेरा बंद ठेवून ते आले की पडद्यावर वहिनींचा चेहरा दिसे. एक नवा पोरगेला अधिकारी म्हणाला, "मैडम, सूबेदार साब को बुलाइए।" हिंदुरावांनी फोन खाली ठेवला. भिंतीवरून मला हाक मारली.

"ताई, माझ्या फोनमंदी माझा फोटो लावा. तिच्या फोनमंदी तिचाच ऱ्हाऊ द्या. ध्यानात आलं न्हवं?"

"आलं हो! दोन मिनिटांचं काम आहे."

त्यांनी बजावलं होतं. शब्दन् शब्द बजावलं होतं. आणि मी, वर्गात सत्तर पोरांना 'आधी सूचना वाचा' म्हणून ओरडणारी बाई, मी काय केलं? आधी जुना फोटो 'काढून टाका' दाबलं. त्यानं विचारलं, कायमचा जाईल, चालेल? मी 'हो' म्हटलं. मग त्यांचा टोपीतला फोटो लावला. माझ्या डोक्यात फोन म्हणजे भिंतीवरची चौकट, एका चौकटीतला फोटो बदलला तर दुसरीतला कसा बदलेल? अकाउंट एकच आहे, ते मीच एक ठेवलं आहे, हे डोक्यात आलंच नाही.

बुधवारी सकाळी सहालाच दारावर थाप पडली. हिंदुराव वहिनींचा फोन दोन्ही हातांत धरून उभे.

"ताई, तिच्या फोनमंदी मी आलोय."

मी फोन घेतला, सगळीकडे शोधलं. फोटोंच्या कप्प्यात कैऱ्या, रांगोळ्या, हिंदुरावांची पाठ. वहिनी कुठेच नाहीत. तो फोटो त्यांनी अकाउंटच्या पानावरूनच काढला होता, म्हणून वेगळा साठवलाच गेला नव्हता. मदतीच्या पानावर तक्रार लिहिली, यंत्रानं यंत्रासारखं उत्तर दिलं: हटवलेला फोटो परत मिळू शकत नाही. मी इकडे घामानं भिजलेली आणि हिंदुराव समोर ताठ उभे, हुकमाची वाट बघावी तसे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. खरंच सांगते, दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी पाया पडले असते.

एवढ्यात मला सुचलं, टीव्ही! काल दिवसभर टीव्ही बंद होता. मी धावत त्यांच्या घरात गेले आणि रिमोट दाबला. पडदा उजळला, आणि खरंच की हो, कोपऱ्यात वहिनी! तोच गाल, तेच दाबलेले ओठ. "सुभेदार, बघा, आहेत!" मी ओरडले. ते दारातून दोन पावलं पुढे आले. तेवढ्यात तो गोल एकदा पांढरा झाला आणि त्यात टोपी घातलेले हिंदुराव आले.

माझा फोन माझ्या हातातच होता. मी फोटो काढायचा सोडून ओरडत बसले होते.

ते मटकन खाली बसले. सहा फुटांचा माणूस फरशीवर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. "परवा तिला पाटावर काय म्हणून ठेवू मी? झाकलेली ठेवू? जल्मभर झाकून बसली, ती मेल्यावर बी झाकलेलीच?" मीही रडले.

मग त्यांनी डोळे पुसले आणि टीव्हीकडे बघत राहिले. आवाज एकदम बदलला, नोकरीतला झाला. "बंद होता तंवर ती व्हती. चालू झाला, निरोप पोचला, तवा गेली."

"म्हणजे?"

"रेडिओ सायलेन्स, ताई. जो सेट बंद हाय त्याला नवा हुकूम पोचत न्हाई. त्याच्याकडं जुनाच हुकूम असतो." त्यांनी बोटं मोजली. "तिचा फोन गेला. माझा गेला. टीव्ही गेला. टॅब कुठाय?"

टॅब वहिनींनीच दीड वर्षापूर्वी कीर्तीला दिला होता. कीर्ती म्हणजे हिंदुरावांच्या धाकट्या भावाची मुलगी. तोही फौजी, त्यामुळे पोरगी छावण्यांतून हिंदीत वाढली, आता जगतपुऱ्यात मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन इंजिनीअरिंग करते. मी फोन लावला, उचलेना. म्हणून पटकन मेसेज टाकला: काकीचा टॅब तुझ्याकडे आहे का? लगेच बघ.

हिंदुरावांनी कपाळावर हात मारला. "कशापायी लिहिलं ओ? आता पोरगी शोधंल, चार्जिंगला लावंल, चालू करंल. तिथं वायफाय हाय!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी स्कूटर काढली. हिंदुराव घरात गेले आणि स्टीलचा मोठा भाकरीचा डबा घेऊन आले. वहिनींचा. मी म्हटलं, हा कशाला? "लोखंडात लहरी जात न्हाईत," म्हणाले आणि मागे बसले. डबा पोटाशी धरलेला. सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन असं की डांबर चाकांना चिकटत होतं. खातीपुऱ्यापासून जगतपुरा म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक सिग्नल लाल. प्रत्येक सिग्नलला ते मागून विचारत, "लागला का फोन?" आणि मी थांबून लावत होते. नाही. नाही. परत नाही. दर वेळी मला ती पोरगी टॅबचं बटण दाबताना दिसत होती.

निम्म्या वाटेवर तिचाच फोन आला. "काकू, सॉरी, मतलब प्रॅक्टिकल होतं. तुमचा मेसेज बघून मी तिथूनच रूममेटला मेसेज केला, तिने टॅब चार्जवर लावला आहे. मी पण आत्ता घरी आली."

"चालू केला?" मी भर रस्त्यात किंचाळले.

"नाही. वो डेड था ना, थोडा चार्ज झाला की आपोआप ऑन होतो."

हिंदुरावांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "कीर्ते, पळ! आधी वायफायची वायर उपट. मग टॅबची. इचारू नगंस, पळ!"

फोनमधून तिच्या पळण्याचा आवाज आला. एक दार आपटलं. मग दोन-तीन मुलींचा आरडाओरडा, कुणाचा तरी ऑनलाइन क्लास तुटला होता. मग कीर्ती धापा टाकत म्हणाली, "काढलं काका. दोन्ही काढलं. स्क्रीनवर कंपनीचा नाव आला होता, मग काळा झाला. मला नाही माहीत पोहोचलं का."

पोहोचलं का, हे आम्हालाही माहीत नव्हतं.

फ्लॅटवर गेल्यावर हिंदुरावांनी टॅब डब्यात ठेवला, झाकण दाबलं आणि जिना उतरले. मी सांगायचा प्रयत्न केला की वायफाय बंद आहे, आता इथंच बघू. ऐकायला तयार नाहीत. शेजारच्यांचं वायफाय असेल, वरच्यांचं असेल, त्या टॅबला कुणाचं काय आठवत असेल कोण जाणे. रेल्वेच्या रुळांकडे एक मोकळा प्लॉट होता, एक कडुनिंब आणि विटांचा ढीग. तिथं विटांवर डबा ठेवला. कीर्तीनं पॉवर बँक आणली होती. टॅबचं वायर लावायचं भोक ढिलं झालेलं, वायर एका कोनात धरली तरच चार्ज घेई. ती गुडघ्यावर बसून तो कोन धरून राहिली.

"ताई, या वेळी आधी फोटो. वरडू नगा," हिंदुराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला बोल लावला. मला बरं वाटलं.

टॅब चालू झाला. कोपऱ्यात कीर्तीचा चेहरा. तिनं स्वतःचं अकाउंट घातलं होतं. "काकीचं पण आहे, मी काढलं नव्हतं," कीर्ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "खाली ओढा."

मी बोटानं खाली ओढलं. दुसऱ्या नावापुढे एक गोल. मी त्यावर बोट ठेवलं. गोल बांगडीएवढा झाला.

वहिनी होत्या.

ऊन थेट काचेवर पडत होतं, चेहरा धड दिसेना. हिंदुराव सावली करायला पुढे वाकले. मी माझ्या फोनवर फोटोचं बटण दाबलं. एकदा दाबलं. दुसऱ्यांदा दाबणार तोच वारा आला का कीर्तीचा हात सरकला, देव जाणे, वायर हलली आणि टॅब काळा झाला. मग काही केल्या चालू झाला नाही. त्या दिवशी नाही, नंतर दुरुस्तीवाल्याकडेही नाही.

आम्ही कडुनिंबाखाली माझ्या फोनवर तो एकच फोटो बघितला. वहिनी आल्या होत्या, दोन्ही गाल, कुंकू, सगळं. पण वाकलेल्या हिंदुरावांचा चेहरा काचेत पडला होता. वहिनींच्या उजव्या खांद्यापासून कपाळाच्या कडेपर्यंत त्यांची मिशी, चष्मा आणि मागे कडुनिंबाच्या फांद्या. मी कपाळाला हात लावला. एक काम धड होईल तर शपथ! हिंदुरावांनी मात्र डब्याचं झाकण लावलं आणि डबा उचलला.

गुरुवारी खातीपुऱ्यातल्या फोटोच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फोटो संगणकावर मोठा केला, मान वाकडी करून बघितला आणि म्हणाला, "अंकल, ये परछाई हटा दूँ? दो मिनट का काम है।"

हिंदुरावांनी काउंटरवर हात ठेवला. "रहने दो। वो मैं हूँ।"

शुक्रवारी पाटावर तो फोटो ठेवला. कीर्ती आली होती, कॉलेज बुडवून. मी सकाळीच मोगऱ्याचा हार आणला होता, चांगला हातभर लांब. फोटोला घालायला पुढे झाले तर हिंदुरावांनी मनगट धरलं.

मला वाटलं, जित्या माणसाची छबी आहे आत, म्हणून हार नको म्हणत असतील. तसं मी म्हटलंही.

"त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "गाल झाकंल तिचा."

मी हार फोटोच्या पायाशी ठेवला.